पांढऱ्या पट्ट्याचे मोल

मुलाला कराटेच्या वर्गात घालताना ‘काळा पट्टा कधी मिळणार?’ हा प्रश्न आधी मनात येतो. परंतु खरी कसोटी पांढऱ्या पट्ट्याचीच असते. कराटे म्हणजे ‘रिकामा हात’. आपला ‘नियुद्ध’ हा शब्दही निःशस्त्र लढतीचाच.

ओकिनावाचे शिक्षक गिचिन फुनाकोशी बालपणी अशक्त होते. नित्य सरावाने सुदृढ झाले. १९२२ मध्ये, वयाची ५३ वर्षे उलटल्यावर, त्यांनी टोकियोत ही विद्या रुजविण्यास आरंभ केला. म्हणून लहानांनी भिऊ नये, प्रौढांनी लाजू नये.

प्रथम नमन, मग पवित्रा, ठोसा, वार अडविणे, सामना त्यानंतर. कराटेत पहिला वार आपला नसतो, ही फुनाकोशींची शिकवण. मुलाच्या अंगी बळासोबत संयम आला, तरच पट्ट्याचा रंग सार्थ ठरला असे समजावे.