जंगलाचा कायदा, शाळेचा जमाखर्च

जंगलाचा कायदा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडे येतात, जनावरे येतात, फार तर कुऱ्हाड येते. पण या कायद्याची एक बाजू जमाखर्चाच्या वहीत असते. अमेरिकेत ती फार स्पष्ट दिसते.

तिथे पश्चिमेकडच्या अनेक काउंट्यांत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यांत म्हणा, निम्म्याहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे. तिच्यावर स्थानिक मालमत्ता कर बसत नाही आणि शाळांना तर त्या कराचा मोठा आधार. म्हणून १९०८ साली कायदा झाला, की राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा त्या भागातल्या शाळांना आणि रस्त्यांना द्यायचा. योजना चांगली होती, पण तिच्यात एक मेख होती. उत्पन्न मुख्यतः लाकडाचे. म्हणजे जितकी तोड जास्त, तितकी शाळा सुखी!

१९९० मध्ये जुन्या अरण्यात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९४ मध्ये वायव्येकडील वनांसाठी नवा आराखडा आला. तोड झपाट्याने घटली आणि शाळांचा वाटाही आटला. तेव्हा २००० साली संसदेने नवा कायदा करून शाळांचा पैसा तोडीपासून सोडवला. १९८६ ते १९९९ या काळातल्या सर्वाधिक उत्पन्नाच्या तीन वर्षांची सरासरी काढून तेवढी रक्कम देण्याचे ठरले.

झाडेही वाचली, शाळाही वाचल्या. पण हा कायदा मुदतीचा होता. मुदत संपायची, वाढायची. रक्कमही पुढे घटत गेली. ओरेगनमधल्या जोसेफिन काउंटीत २०१२ साली हा पैसा आटला. मतदारांनी जादा कर नाकारला आणि शेरीफच्या खात्यातल्या बहुतेक पोलिसांना घरी जावे लागले. २०२३ मध्ये संपलेली मुदत वाढायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. तोवर शाळांनी अंदाजपत्रक मांडायचे ते कशाच्या भरवशावर?

वणव्यांचीही हीच गोष्ट. १९९५ मध्ये वन खात्याच्या खर्चातला १६ टक्के भाग आगीवर जाई. २०१५ मध्ये तो निम्म्यावर गेला. आग विझवायला पैसे कमी पडले, की जंगल विरळ करून आग टाळण्याच्या कामाचे पैसे वळवले जात. २०१८ च्या कायद्याने मोठ्या वणव्यांसाठी २०२० ते २०२७ या वर्षांकरिता वेगळी तरतूद केली.

आता २०२५ च्या कायद्याने २०३४ पर्यंत लाकडाची विक्री वर्षागणिक वाढवण्याचे बंधन वन खात्यावर घातले आहे. त्यावर वाद होतील. पण झाडे तोडायची की राखायची, हा निर्णय राजधानीत होतो आणि त्याची किंमत दूरच्या एखाद्या गावाला मोजावी लागते. जंगल राखणे हे साऱ्या देशाचे काम असेल, तर त्याचा खर्चही साऱ्या देशाने उचलावा. आणि तो दर वर्षी मागायला लावू नये.