मोठें पिस्तूल, लहान काडतूस

भंडाऱ्यांत ‘दारूचा कारखाना’ म्हटलें कीं कोणी दचकत नाहीं. जवाहरनगरची आयुध निर्माणी डोळ्यांपुढें येते. आजचा विषय काडतुसांचा आहे. त्यांच्या दोन जाती: एकींत पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेंत असतो, दुसरींत मध्यभागीं वेगळी टोपी असते. मध्यटोपीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलास निराळी नळी, निराळी पेटी आणि वरचा हलका सरकता भाग बसविला कीं तें .२२ बोअरचीं कडेचीं काडतुसें उडवितें. भाग हलका अशासाठीं, कीं थोड्या दारूनें जड भाग मागें सरत नाहीं.

हा खटाटोप सार्थ आहे काय? मूठ तीच, चाप तोच, खर्च थोडा. बोटास वळण लागतें. परंतु सुमारें साडेसात ग्रॅमच्या गोळीचा धक्का अडीच ग्रॅमची गोळी शिकवीत नाहीं, आणि ऐन प्रसंगीं हात त्या धक्क्यानेंच ढळतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच होत.

म्हणून मोठें पिस्तूल ज्याच्या हातीं रीतसर आहे आणि त्याचाही सराव जो सोडीत नाहीं, त्यालाच ही जोड उपयोगी. नवशिक्यानें सरळ .२२ चें पिस्तूल धरावें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं आशियाई सुवर्णपदक मिळविलें, तें त्याच बोअरच्या पिस्तुलानें.