शंभर मीटरच्या आतलं घर: स्मारकाचा कायदा, महापालिकेची नोटीस आणि मधे अडकलेली माणसं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' झाले ते शक्य तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

मागच्या काही भागांत आपण शहरं, रस्ते, पाणी यावर बोललो. आजचा विषय जरा कायद्याचा आहे. पण कंटाळवाणा नाहीये, कारण शेवटी हा प्रश्न 'माझं घर पडलं तर मला ते परत बांधता येईल का' इथे येऊन थांबतो.

मी वकील नाही, आर्किटेक्टही नाही. बीटेक करून गेली काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतेय. पण माझ्या मावशीचा वाडा कसबा पेठेत आहे, शनिवारवाड्यापासून चालत तीन मिनिटांवर. त्या वाड्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने हा कायदा मला ओळ न् ओळ वाचावा लागला. वाचल्यावर लक्षात आलं की आजूबाजूला जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं चुकीचं आहे. म्हणून हा भाग.

आधी, नियम नेमका कोणाचा?

आपल्याकडे स्मारकांच्या संरक्षणाचे तीन थर आहेत. लोक ते एकत्र करतात आणि मग चुकीच्या खिडकीवर रांग लावतात.

पहिला थर केंद्राचा. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, आणि तो राबवणारं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, म्हणजे एएसआय. देशभरात साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं या यादीत आहेत. पुण्यातली शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस ही त्यातलीच.

दुसरा थर राज्याचा. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे, आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाची स्मारकांची वेगळी यादी आहे.

तिसरा थर महापालिकेचा. शहराच्या विकास नियमावलीत हेरिटेज वास्तूंच्या श्रेणी असतात, एक, दोन, तीन. मुंबईत हे नियम १९९५ मध्ये आले आणि बाकीच्या शहरांनी तिकडे बघून आपापले केले. ढोबळमानाने, श्रेणी एकला हात लावायचा नाही, श्रेणी दोनमध्ये आतून बदल चालतात पण बाहेरचं रूप जपायचं, आणि श्रेणी तीनमध्ये परिसराला शोभेल इतपत मोकळीक. पुणे महापालिकेकडेही अशी यादी आहे. विश्रामबागवाडा आणि नानावाडा पालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहेत आणि त्यांच्या जतनाचं काम पालिकेने केलंय.

आता गंमत बघा. पालिकेचे नियम त्या वास्तूबद्दल बोलतात. केंद्राचा कायदा वास्तूबरोबर तिच्या शेजाऱ्यांबद्दलही बोलतो. मावशीचा वाडा कुठल्याही यादीत नाही. तो साधा, दोन मजली, लाकडी तुळयांचा वाडा आहे. तरी त्याचं भवितव्य केंद्राच्या कायद्यात अडकलंय, कारण तो शनिवारवाड्याचा शेजारी आहे.

शंभर आणि दोनशे

१६ जून १९९२ ला केंद्राने अधिसूचना काढली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. म्हणजे एकूण ३०० मीटर.

हे मीटर मोजायचे कुठून? इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. कोणी म्हणतं दिल्ली दरवाजापासून, कोणी म्हणतं तटाच्या भिंतीपासून. कायदा म्हणतो, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, सर्व दिशांना. ती हद्द इमारतीच्या बाहेरही असू शकते. त्यामुळे गूगल मॅपवर बोट ठेवून काढलेल्या अंतराला अर्थ नाही.

मी एक साधं गणित केलं. समजा १०० मीटर बाय १०० मीटरचं एक चौकोनी स्मारक आहे, म्हणजे साधारण अडीच एकर. त्याच्याभोवती १०० मीटरचा पट्टा काढला तर साडेसतरा एकर जागा प्रतिबंधित होते. ३०० मीटरपर्यंत गेलात तर जवळजवळ १०० एकर. अडीच एकरासाठी शंभर एकर. माळरानावरच्या मंदिराला हे काहीच नाही. पेठेत हे म्हणजे गल्ल्याच्या गल्ल्या.

बरं, हा आकडा सगळ्यांना सारखाच. ताजमहाल असो, किंवा जुन्या हमरस्त्यावरचा एकटा कोस मिनार असो, १०० म्हणजे १००. आमच्या भाषेत याला हार्डकोडेड व्हॅल्यू म्हणतात. प्रोग्रामच्या पोटात एकदा आकडा लिहून टाकला की परिस्थिती काहीही असो, तो तोच राहतो.

इतका कडक का केला?

हे समजून घेतल्याशिवाय कायद्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

१९९२ च्या अधिसूचनेनंतरही बांधकामं होतच होती. २००६ पासून एक तज्ज्ञ समिती नेमून प्रतिबंधित क्षेत्रातसुद्धा परवानग्या दिल्या जात होत्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी परवानगी द्यायचा अधिकारच कायद्यात नाही. मग २०१० ची दुरुस्ती आली. १०० मीटरचा नियम अधिसूचनेतून उचलून थेट कायद्यात घातला आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं. प्रतिबंधित क्षेत्रात विनापरवाना बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत. हे शेवटचं कलम मला विशेष आवडलं.

आणि धोका खरा होता. २०१३ मध्ये कॅगने अहवाल दिला की तपासलेल्या स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. नंतर त्यातल्या ४२ चा पत्ता लागला. उरलेल्या ५० पैकी १४ शहरीकरणात गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा तर थांगपत्ताच नाही. 'संरक्षित' असा शिक्का असलेल्या वास्तूंची ही अवस्था.

शिवाय या कायद्याने सरकारलाही अडवलंय. पुणे मेट्रोचा वनाज-रामवाडी मार्ग मूळ आराखड्यात आगाखान पॅलेससमोरून जात होता. ते प्रतिबंधित क्षेत्र निघालं. सरकारी कामांना सूट देणारं दुरुस्ती विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेलं आणि कायदा काही झाला नाही. शेवटी मेट्रो कल्याणीनगरमधून वळवली. एवढा मोठा प्रकल्प वळतो, म्हणजे कायद्याला दात आहेत.

मग अडचण कुठे?

अडचण दोन शब्दांमध्ये आहे: दुरुस्ती आणि पुनर्बांधणी.

कायद्यात या दोन्हींच्या वेगळ्या व्याख्या आहेत. दुरुस्ती म्हणजे आहे त्या वास्तूत फेरफार. पुनर्बांधणी म्हणजे आहे त्याच लांबी-रुंदी-उंचीत परत उभारणं. प्रतिबंधित क्षेत्रात १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. पुनर्बांधणी करता येत नाही. अगदी तेवढीच, तशीच, एक इंचही न वाढवता बांधतो म्हटलं तरी नाही. नियंत्रित क्षेत्रात मात्र परवानगी घेऊन दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि नवं बांधकाम, तिन्ही शक्य आहे.

आता यात पावसाळा घाला. दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिका जुन्या वाड्यांची पाहणी करते आणि धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. दुरुस्त करा, रिकामा करा, नाहीतर उतरवा. पालिकेचं काही चुकत नाही, भिंत पडून माणसं गेली तर जाब त्यांनाच विचारणार.

पण मावशीच्या बाजूने बघा. एक सरकारी कागद म्हणतो, वाडा धोकादायक आहे, उतरवा. दुसरा कायदा म्हणतो, उतरवलात तर परत बांधायचा नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि दोघांच्या मधे एक अडुसष्ट वर्षांची बाई आणि चार भाडेकरू कुटुंबं राहतायत.

मग लोक काय करतात? टेकू लावतात. मागच्या भिंतीला तीन टेकू आहेत आमच्याकडे. पत्रे टाकतात, ताडपत्री ओढतात, आणि रात्री जोराचा पाऊस झाला की मागच्या खोलीतली अंथरुणं पुढच्या खोलीत येतात. मावशी म्हणते, "अगं, हा वाडा उभा आहे तोवर आमचा. पडला की सरकारचाही नाही आणि आमचाही नाही."

भाडेकरूंचं तर आणखी अवघड. शहरात इतर ठिकाणी जुना वाडा गेला की बिल्डर येतो आणि भाडेकरूला निदान एक फ्लॅट मिळायची आशा असते. इथे बिल्डर फिरकत नाही. खोली सोडली तर हक्क जाईल या भीतीने धोकादायक वाड्यातूनही लोक हलत नाहीत.

थोडक्यात, पेशव्यांचा वाडा जपण्यासाठी केलेल्या नियमामुळे त्याच्या भोवतीचे वाडे हळूहळू कोसळतायत. १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी झाली, त्यानंतर त्याच्या आजूबाजूला पेठा गजबजल्या. त्या वस्तीशिवाय नुसता तट उरला तर कशाचं जतन केलं आपण?

कायद्यातच एक दार आहे

हे मला वाचताना सापडलं आणि आश्चर्य वाटलं. २०१० च्याच दुरुस्तीत कलम २० ई आहे. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र हेरिटेज उपविधी करायचे, इंटॅकसारख्या तज्ज्ञ संस्थांशी सल्लामसलत करून. त्या परिसरात उंची किती, दर्शनी भाग कसा, काय साहित्य वापरायचं, हे त्या त्या जागेनुसार ठरवायचं. मग ते संसदेसमोर ठेवायचे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की एक माप सगळ्यांना बसणार नाही. पण साडेतीन हजार स्मारकांपैकी मोजक्यांचेच उपविधी पूर्ण झालेत.

उपविधी आले तरी १०० मीटरच्या आतली पुनर्बांधणीची बंदी आपोआप उठणार नाही, हे स्पष्ट सांगते. त्याला संसदेत दुरुस्ती लागेल. माझं मत असं: १०० मीटर रद्द करू नका. ते केलं तर पहिल्याच वर्षी तिथे दोन तळघरांचे टॉवर येतील. पण १९९२ च्या आधीचं राहतं घर धोकादायक ठरलं तर त्याच जोत्यावर, त्याच उंचीत, परिसराला शोभेल असं बांधायला परवानगी द्या. २०१८ चं विधेयक सरकारी कामांसाठी सूट मागत होतं. ती सूट मागायचा पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे.

तोपर्यंत काय करायचं?

तुमचं किंवा ओळखीतल्या कोणाचं घर अशा परिसरात असेल तर हे लिहून घ्या.

एक. आधी क्षेत्र ठरवा. प्रतिबंधित की नियंत्रित, हे अधिकृत नकाशावरूनच. शेजाऱ्याला जे लागू ते तुम्हाला लागू असेलच असं नाही.

दोन. घर १६ जून १९९२ च्या आधीचं असल्याचे पुरावे गोळा करा. प्रॉपर्टी कार्ड, जुन्या करपावत्या, लाइट बिलं, जुना मंजूर नकाशा असेल तर सोन्याहून पिवळं.

तीन. आत्ता, आजच, वाड्याचे फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, प्रत्येक खणाचे, तारखेसकट. उद्या एखादी भिंत पडली तर आधी काय होतं हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसेल.

चार. अर्जात शब्द जपून वापरा. प्रतिबंधित क्षेत्रात दुरुस्ती हवी असेल तर दुरुस्तीच लिहा, आणि काम काय करणार ते नेमकं लिहा: इतक्या तुळया बदलणार, इतकं छप्पर. एका कार्यालयात आमचा अर्ज परत आला, कारण ओळखीच्या माणसाने भरताना 'नूतन बांधकाम' असं छापील वाक्य तसंच ठेवलं होतं. चार महिने गेले.

पाच. वेळेचा हिशोब करा. सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा, राष्ट्रीय प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, मग एक महिन्यात निर्णय. सगळं वेळेत झालं तरी साडेतीन महिने. म्हणजे पावसाळ्याआधी काम उरकायचं तर अर्ज जानेवारीत गेला पाहिजे. मे महिन्यात पालिकेची नोटीस आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

सहा. 'एनओसी आणून देतो, एवढे द्या' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाची परवानगी कोणीच देऊ शकत नाही, त्यामुळे ती आणून देणाराही कोणी नसतो.

आणि सात, कुठल्याही स्मारकाच्या उपविधींचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला तर वाचा आणि लिहून पाठवा. तिथे राहणाऱ्यांनी लिहिलं नाही तर ते तिथे न राहणारे ठरवतात.

मावशीच्या दुरुस्तीचा अर्ज सध्या गेलेला आहे, उत्तर यायचंय. तुळयांसाठी सागवान बघून ठेवलंय, सुतारही बोलून ठेवलाय.

तुमच्या गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा लेण्यांजवळ असा काही अनुभव असेल तर जरूर कळवा. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत हे कसं चालतं यावर पुढे एक भाग करायचा विचार आहे. तोपर्यंत काळजी घ्या, आणि जुन्या घरात राहत असाल तर ते फोटो मात्र आजच काढा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.