आटे आणि अर्थ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते परीक्षेच्या दिवशी आम्हांस एवढेच बजावीत, की प्रश्न दोनदा वाचा. ही आज्ञा मी एकदा मोडली. तीही साठी उलटल्यावर, आणि डॉक्टरेट पदरी असताना. आज त्याचीच कबुली द्यावयाची आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, अभियंते होते. बडोदेकर ज्या विद्याशाखेस अजूनही कौतुकाने कलाभवन म्हणतात, तेथे ते शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हे कलाभवन स्थापिले, ते हाताला विद्या आणि विद्येला हात मिळावा म्हणून. दादांच्या सुभानपुऱ्यातील बंगल्याच्या पडवीत एक एम. जी. टी. डी. मोटार उभी असे. दोन आसनांची, उघड्या टपाची ही गाडी १९५० ते १९५३ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. दादांची गाडीही पाण्याच्या पंपावाचून कित्येक वर्षे मुकी होती.

सप्टेंबर २०१८ मध्ये मी लेकीकडे इंग्लंडला निघालो, तेव्हा दादांनी स्वहस्ते लिहिलेली अकरा जिनसांची यादी माझ्या खिशात घातली. "टपालानेही येतील, पण तू हाताळून आण," म्हणाले. त्यांची प्रकृती खालावत होती, आणि गाडी एकदा स्वतः चालवावी एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

हॅम्पशायर परगण्यातील ब्यूली गावी राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. गवतावर पसरलेली दोन हजारांच्या आसपास दुकाने, आणि त्यांत दिवे, चाके, कार्बुरेटर, गंजलेले दांडे! आपल्याकडील जुन्या बाजाराचीच ती विलायती आवृत्ती. चिखल तुडवीत मी दोन दिवस हिंडलो. यादीतील दहा जिनसा मिळाल्या, पंपही मिळाला. अकरावी ओळ होती : 'पंपाचे बोल्ट, ८ × १'. मी अर्थ लावला : आठ बोल्ट, एक इंची. दुकानदाराने आठ मोजून दिले. मी कृतकृत्य झालो.

ऑक्टोबरअखेर परतलो. दादांनी पहिला बोल्ट बोटांनी फिरवला, थांबले, आणि हसून म्हणाले, "प्राध्यापक, हे आठ नग नव्हेत. हे आठ मिलिमीटर जाडी आणि एक मिलिमीटर अंतराचे आटे!"

मग त्यांनी समजावले ते मला विलक्षण वाटले. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या मूळ फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक मापाची होती. पण इंग्रज कारागिरांच्या हाती पाने होते ते व्हिटवर्थच्या इंची मापाचे. म्हणून बोल्टांची डोकी इंची पान्यांत बसतील अशी ठेवली आणि आटे मात्र मेट्रिक राहिले. हीच रीत पुढे या गाडीच्या इंजिनातही आली. बाहेरून पाना बरोबर बसतो, आत मात्र आटा निराळाच असतो. बाजारातील नेहमीचा आठ मिलिमीटरचा बोल्टही तेथे चालत नाही, कारण त्याच्या आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर असते.

माझा जन्म शब्दांत गेला. 'यातायात' हा शब्द मराठीत दगदग सांगतो, हिंदीत रहदारी. डोके एक, आटे दोन. हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले, आणि स्वतःच्या भावाचे अक्षर वाचताना विसरलो. मला ठाऊक असलेला अर्थ मी त्यांच्या चिन्हांवर दामटून बसवला. विचारण्यास एक फोन पुरला असता, पण न कळल्याची शंकाच मला आली नाही.

बोल्ट पुन्हा मागवावे तोच नोव्हेंबरमध्ये दादांना रुग्णालयात हलवावे लागले. अखेर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका टर्नरने लेथवर चार बोल्ट कातून दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका सकाळी इंजिन धडधडले. दादांच्या पायांत तोवर क्लच दाबण्याची शक्ती उरली नव्हती. पुतण्याने गाडी चालवली आणि दादा डावीकडे बसले. सुभानपुऱ्याच्या दोन रस्त्यांवरून फेरी झाली. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काही नाही. त्या पावसाळ्यात ते गेले. ऑक्टोबरात त्यांना गाडी स्वतः चालवता आली असती, हे शल्य माझ्याजवळ राहिले आहे.

त्याच २०१९ साली, येथून जवळच असलेल्या हालोलच्या कारखान्यातून एम. जी. ही दोन अक्षरे मिरवणाऱ्या नव्या मोटारी बाहेर पडू लागल्या. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस'ची ती आद्याक्षरे, मालकी मात्र तेव्हा चिनी कंपनीची. नावाचे डोके तेच आणि आटे निराळे! रस्त्यात अशी गाडी दिसली की मी मनाशी हसतो, आणि मग गप्प होतो.

विद्यार्थी मित्रहो, ते आठ इंची बोल्ट आजही माझ्या टेबलावर कागद दाबून ठेवतात. कोणाचेही लिहिलेले हाती आले, की मी आधी त्यांच्याकडे पाहतो आणि मग दुसऱ्यांदा वाचतो. गुरुजींची आज्ञा मी उशिरा पाळू लागलो, आपण उशीर करू नये.