अपस्मार आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

(विद्यार्थी-साहाय्य या विषयावरील भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्ती म्हटले की दोन प्रकारचे विद्यार्थी सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येतात. एक हुशार परंतु गरीब, आणि दुसरा दिव्यांग. या दोन्ही याद्यांत ज्याचे नाव सहसा लागत नाही, अशा विद्यार्थ्याविषयी हे विवेचन आहे. त्याला अपस्मार आहे. बोलीभाषेत या विकाराला फेफरे, आकडी, मिरगी किंवा नुसतेच फिट म्हणतात.

मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत्संदेशांच्या द्वारे संवाद साधतात. हे संदेश अकस्मात अनावर झाले की झटका येतो आणि बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप शमतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. भारतातील त्यांची संख्या एक कोटीच्या घरात मानली जाते. जन्मसमयी प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर अशी याची अनेक कारणे आहेत. आपल्या देशात फीतकृमीची मेंदूत शिरलेली अळी हेही एक मोठे कारण आहे. या कृमीची अंडी दूषित पाण्यातून व नीट न धुतलेल्या पालेभाजीतूनही पोटात जातात, तेव्हा शाकाहारी घरांनीही निर्धास्त राहू नये. पुष्कळ रुग्णांत तर कारण सापडतच नाही. तथापि वेळेवर निदान व औषधोपचार झाल्यास शंभरांतील सत्तरांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे हीच संघटना सांगते. १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेपावून इंझमामला धावबाद करणारे जाँटी ऱ्होड्स यांनाही अपस्मार आहे आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आहे.

आता कायद्याकडे पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. त्यांत सेरेब्रल पाल्सी आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे, स्वमग्नता आहे. अपस्माराचा मात्र त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागा असोत वा दिव्यांगांसाठीची केंद्र शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र त्यासाठी आवश्यक असते. अपस्मारासोबत दुसरे एखादे दिव्यांगत्व असेल, तर त्याच्या आधारे ते मिळू शकते. परंतु ज्याला चार महिन्यांतून एकदा झटका येतो आणि एरवी जो चारचौघांसारखा दिसतो, त्याने कोणते प्रमाणपत्र आणावे?

मग गुणवत्तेची यादी उरते. तिथेही त्याची वाट सोपी नाही. जागरण हे झटक्याचे एक ज्ञात निमित्त आहे आणि आपल्याकडचा अभ्यास तर परीक्षेच्या आदल्या रात्रीच भरात येतो! काही औषधांनी सुस्ती येते, स्मरण मंदावते. ऐन पेपरच्या सकाळी झटका आला तर तो पेपर गेला. पुढच्या सत्रात एटीकेटी लागली, की बहुतेक खासगी न्यासांच्या नियमांतील ‘मागील परीक्षेत किमान ६० टक्के’ आणि ‘सलग उत्तीर्ण’ हे दोन शब्दप्रयोग त्याला दाराबाहेर ठेवतात. नियम करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो, आळशी विद्यार्थ्याला पैसा जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू असतो. पण मीटरपट्टी एकच असली तरी कोणाला किती कापड लागेल हे अंगावरून ठरते, हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यास तरी वेगळे सांगावे लागत नाही.

खर्चाचा हिशेबही येथे निराळा आहे. महाविद्यालयाचे शुल्क हा त्यातला एक भाग झाला. औषध रोज, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. महिनाअखेरीस घरात पैसा आटला की दोन गोळ्यांची एक होते आणि थांबलेले झटके परततात. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वघोषणापत्रात अपस्माराचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, तेव्हा दुचाकीचा मार्ग बंद. लोकलच्या दारात लटकून जाणे तर जिवावर बेतणारे. अशा विद्यार्थ्याला रिक्षाचे भाडे ही चैन नव्हे. मेंदूरोगतज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरात असतो, म्हणून दर काही महिन्यांनी एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्या पालकाचा बुडालेला रोज हेही त्यात धरावे लागतात. न्यासाची रक्कम केवळ शुल्काच्या पावतीवर न देता या किरकोळ दिसणाऱ्या बाबींवर खर्च करण्याची मुभा असावी. गोळ्यांचा खर्च भागला तर वर्ष वाचते.

एखादे वर्ष तरीही गेले, तर? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक साठवून ठेवण्याची शैक्षणिक बँक योजना आणली. मधे खंड पडला तरी मिळवलेले श्रेयांक विहित मुदतीत वापरता यावेत, हा तिचा उद्देश. विद्यापीठे खंड मान्य करू लागली असताना न्यासांनी तो अमान्य का करावा? वैद्यकीय कारणाचा खंड एक वर्षापर्यंत माफ, असे एक वाक्य नियमावलीत घातले तरी पुरे.

सर्वांत नाजूक बाब शेवटची आहे, आणि ती काही देणगीदारांना रुचणार नाही. शिष्यवृत्ती द्यायची ती समारंभात, व्यासपीठावर बोलावून, धनादेशासह छायाचित्र काढून आणि स्मरणिकेत नाव छापून, अशी आपली रीत आहे. इतर विद्यार्थ्यांना त्यात अभिमान वाटतो, ते योग्यच आहे. अपस्मार असलेली मुलगी मात्र ही रीत पाहून अर्जच करीत नाही. तिची आई तिला करू देत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा विवाहातील अडथळा ठरवला होता. १९९९ मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्यातून गेलेला शब्द बैठकीतल्या कुजबुजीतून मात्र अद्याप गेलेला नाही. ज्या मदतीमुळे मुलीचे स्थळ मोडण्याची भीती वाटते, ती मदत कितीही मोठ्या रकमेची असली तरी कोण घेईल?

नावे गुप्त ठेवली तर लेखापरीक्षण कसे होणार, धर्मादाय आयुक्तांना काय दाखवणार, असा प्रश्न विश्वस्त विचारतील. प्रश्न रास्त आहे, उत्तरही कठीण नाही. अर्ज, तज्ज्ञाचे प्रमाणपत्र आणि पावती ही मूळ कागदपत्रे चिटणीसांच्या कुलपात राहावीत व लेखापरीक्षकांनी ती तिथेच तपासावीत. अहवालात विद्यार्थ्यांची संख्या आणि एकूण रक्कम यावी. रक्कम थेट बँक खात्यात जावी. योजनेच्या नावात आजाराचा उल्लेख नसावा, म्हणजे पासबुकात तो उमटणार नाही. ‘वैद्यकीय कारणास्तव शिक्षण-साहाय्य’ एवढे नाव पुरेसे आहे. देणगीदाराचे नाव हवे तर ठळक अक्षरांत छापावे, त्याला कोणाची हरकत नाही.

अर्जाच्या शेवटी एक ऐच्छिक रकाना असावा: महाविद्यालयात कोणाला कळवलेले चालेल? विद्यार्थ्याने एखाद्या प्राध्यापकाचे नाव दिले, तर त्यांना न्यासाने एक चिठ्ठी पाठवावी. झटका आल्यास विद्यार्थ्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, कपडे सैल करावेत. कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर रुग्णालयात न्यावे. थांबला, तर थोडी विश्रांती देऊन, त्याला बरे वाटत असल्यास, पुन्हा वर्गात बसू द्यावे.