वेगळी चूल केव्हा मांडावी ?



लालबाग-परळच्या मंडळींपुढे संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलावयाचे, तर आरंभ गिरणीपासूनच केलेला बरा. गिरणीत एका छपराखाली कापसाचे कापड होई. तरी त्रासनखाते निराळे, साचाखाते निराळे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाई ते सूत, आणि सुताला नंबर असे. नंबर ठरलेला, म्हणूनच ते परक्या मागावरही चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सूत चीनच्या बाजारात विकले जात होते.

वेबवरील मोठ्या प्रकल्पातही अशीच खाती असतात. प्रत्येकाचे स्वतंत्र अ‍ॅप करावे, म्हणजे ते दुसरीकडेही उपयोगी पडेल, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. सल्ला वाईट नाही. प्रश्न आहे तो वेळेचा.

उदाहरण आपल्याच शहरातले आहे. ऋषभ मेहता यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने उद्योगधंद्यांच्या कारभारासाठी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्त आज्ञावली रचली. हिशेब, कोठार, पगार, शिक्षणसंस्था, इस्पितळ ही सारी खाती तीत अनेक वर्षे एकत्र नांदली. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत इस्पितळ, शिक्षण आणि कर्मचारी-पगार ही खाती बाहेर पडून त्यांची स्वतंत्र अ‍ॅप्स झाली. लोखंडाच्या व्यापाऱ्याला इस्पितळाचे खाते हवे कशाला ?

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पगाराचे अ‍ॅप वेगळे निघाले तेव्हाही त्याला ईआरपीनेक्स्टचा आधार लागतच होता, कारण पगाराची नोंद शेवटी खतावणीत जाते. उलट खतावणीचे पगाराच्या अ‍ॅपवाचून काही अडत नव्हते. आधार एकाच बाजूने असला तर वाटणी टिकते. दोघेही एकमेकांवर रेलून असतील, तर ती नावापुरतीच.

आता समजा, दादरच्या एखाद्या ग्रंथालयाने सभासद, वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव यांसाठी आज्ञावली करून घेतली. वर्गणीचे अ‍ॅप पहिल्याच दिवशी वेगळे करावे काय ? माझ्या मते, नाही. दुसऱ्या संस्थेला काय लागेल हे अजून कोणी पाहिलेलेच नाही. अंदाजाने घातलेली भिंत पुढे पाडावी लागते. घरातच तिला स्वतंत्र खोली द्यावी, एवढे पुरे. उद्या गिरगावातील एखाद्या व्यायामशाळेने तेच काम मागितले आणि एकच दुरुस्ती दोन ठिकाणी करण्याची पाळी आली, म्हणजे विचार करावा. तेव्हाही वर्गणीच्या हिशेबात उशिरा परत आलेल्या पुस्तकांचा दंड मिसळलेला असेल, तर तो आधी उपसून काढला पाहिजे. व्यायामशाळेला पुस्तके कुठली?

वेगळे होणे फुकट नसते. आवृत्त्या दोन, चाचण्या दोन, आणि एकातील बदल दुसऱ्याला मानवतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी कायमची. लहान संस्थेत हे काम जाणणारा बहुधा एकच तरुण असतो. तो नोकरी सोडून गेला, की दहा तुकडे जुळवीत बसण्याची वेळ संस्थेवर येते, आणि सभासदांच्या पावत्या अडून राहतात.

म्हणून प्रश्न दोनच विचारावेत. आपल्या सुताला दुसरे गिऱ्हाईक खरोखर दारी आले आहे काय ? आणि त्या सुताला नंबर ठरला आहे काय ? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर खुशाल वेगळी चूल मांडावी. तोवर एका छपराखाली नीट खाती ठेवून काम करणे, यात कमीपणा काहीच नाही.