पावती कुठल्या खात्याची?

(विहाराच्या वर्धापनदिनी, हिशोबकाकांच्या सत्कारप्रसंगी समितीच्या वतीने केलेले भाषण)



सत्काराला उभे राहिले की माणसाला चढवून बोलायची आपल्याकडे रीत आहे. काकांना ती चालत नाही. पुढच्या रांगेतून ते आत्ताच आमच्याकडे डोळे वटारून बघताहेत. म्हणून वहीत आहे तेवढेच बोलतो.

काका नगरपरिषदेत कारकून म्हणून लागले आणि ३४ वर्षांनी लेखापाल म्हणून निवृत्त झाले. रोजकीर्द, खतावणी, व्हाउचरच्या फायली, हाच त्यांचा संसार. ३१ मार्चच्या रात्री काकू डबा द्यायच्या, तो घेऊन आम्ही पोरं कचेरीत जायचो. एकदा सव्वा रुपयाचा फरक लागेना. आम्ही म्हटलं, "काका, टाका की खिशातून!" ते म्हणाले, "मग चूक कुठं झाली ते कधीच कळायचं नाही रे."

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, हे सगळेच सांगतात. पण १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवीत होते, हे आम्हाला काकांकडूनच कळले.

नोकरीत असतानाच काका लायन्स क्लबात गेले. वस्तीत कुजबूज झाली, "साहेब लोकांत बसायला लागले, आता आपल्याला विसरणार." खोटं कशाला बोला, कुजबुजणाऱ्यांत आम्हीही होतो. ही संघटना १९१७ साली अमेरिकेत शिकागोला मेल्विन जोन्स यांनी उभी केली. १९२५ साली हेलन केलर यांनी तिच्या अधिवेशनात अंधांसाठी कामाला लागा असे आवाहन केले, तेव्हापासून डोळ्यांचे काम तिने अंगावर घेतले. काका क्लबाचे खजिनदार झाले आणि मोतीबिंदूचे शिबिर त्यांनी आपल्या विहारात आणले. तपासणी इथे, ऑपरेशन जिल्ह्याला. आमच्या आजीची पट्टी सुटली तेव्हा ती कितीतरी वेळ स्वतःचे हातच बघत बसली होती.

त्या क्लबात दोन खाती असतात. सभासदांच्या वर्गणीचे एक, लोकांकडून जमवलेल्या पैशाचे दुसरे. लोकांचा पैसा लोकांच्याच कामाला. सभासदांचा चहासुद्धा त्यातून नाही. हा नियम काकांच्या अंगात भिनलेला.

आणि इथेच आमचे त्यांच्याशी वाजले. एका वर्षी जयंतीची वर्गणी कमी पडली. मंडपवाला, लाउडस्पीकरवाला दारात. आम्ही सभागृहाच्या बांधकाम निधीतून १८ हजार काढले. मागाहून भरू म्हटलं. काकांनी भर बैठकीत पावतीबुक उघडले. "ही धुणीभांडी करणाऱ्या बाईची ५१ रुपयांची पावती. हिच्यावर बांधकाम लिहिलंय. तिला विचारलंत का?" आमच्यातला एक जण तोंडावर बोलला, "क्लबवाल्यांचं शहाणपण इथं नको." काका सही न करता उठून गेले. वर्षभर आमच्याशी अक्षर बोलले नाहीत. वंदनेला मात्र येत, मागच्या रांगेत बसत.

आपला ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला. हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. ऑडिटरनेही नेमके तेच विचारले, जे काकांनी विचारले होते. मग आम्ही नऊ जणांनी महिन्याच्या पगारातून, रोजीतून थोडेथोडे करून १४ महिन्यांत पैसे परत भरले. कुणाच्या घरी त्यावरून भांडणंही झाली. शेवटच्या हप्त्याची पावती काकांनी स्वतः येऊन फाडली. 'बांधकाम' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या, आणि काकूंच्या हातचा चहा प्यायला घरी या म्हणाले.

काकांनी सकाळीच विचारले आहे, ही शाल कुठल्या खात्यातून आणली? काका, आम्ही वेगळी वर्गणी काढली. ही घ्या पावती, आणि मग शाल.